११ वर्षांची लॅब्रॅडॉर कुत्री, उठताना मागचे पाय धरतात... काय करता येईल?

चिंगीची_आई
नमस्कार मंडळी. आमची चिंगी ११ वर्षांची लॅब, वजन ३८ किलो. गेल्या पावसाळ्यापासून सकाळी उठताना मागचे पाय धरतात, दोन-तीनदा जोर लावते तेव्हा कुठे उठते, मग चार पावलं चालली की मोकळी होते. फरशी सगळीकडे गुळगुळीत, त्यावर मागचे पाय फाकतात. आम्ही पुण्यात जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आधी पट्टा हातात घेतला की माझ्या पुढे खाली पोचायची, आता पहिल्या पायरीशी थांबून नुसती बघत राहते, मला बघवत नाही हो. एक्सरे काढला, दोन्ही खुब्यांना संधिवात आहे म्हणाले, वय झालंय, चालायचंच, आणि कॅल्शियम दिलं. ती कधी कण्हत नाही, जेवण चाटूनपुसून करते, त्यामुळे घरचे म्हणतात दुखत नसणार. मला नाही पटत. सासूबाईंची गुडघेदुखीची गोळी आहे, अर्धी दिली तर चालेल का?

बंड्याचा_बाबा
ताई, ती गोळी देऊ नका, हात जोडून सांगतो. मी ही चूक केलीये. आमच्या कुत्र्याला, बंड्याला, मी घरातली डायक्लोफेनॅकची (माणसांची दुखण्यावरची) अर्धी अर्धी गोळी दोन दिवस दिली, पहिल्या दिवशी काय पळाला, मला वाटलं जमलं, तिसऱ्या दिवशी उलट्या आणि शी डांबरासारखी काळी. पोटात आतून रक्त जात होतं. पाच दिवस सलाईन, वाचला, पण तो कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून पडलेला अजून डोळ्यासमोर येतो.

आणि कण्हत नाही म्हणजे दुखत नाही असं नसतं. बंड्या पुढच्या पायाचं मनगट सारखं चाटायचा, तिथले पांढरे केस तांबूस झाले होते, आम्हाला वाटलं ॲलर्जी. तीच त्याची बोंब होती, आम्हाला कळली नाही.

गोठा_ते_क्लिनिक
मी व्हेट आहे, विदर्भात प्रॅक्टिस करतो. वरच्या दादांचं शंभर टक्के बरोबर. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर आपल्याकडे २००६ साली बंदी आली ती गिधाडांमुळे (हे औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन ती मरत होती), पण कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीलाही ती झेपत नाही, आयब्युप्रोफेनचंही तेच. कुत्र्यांसाठी मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन, फिरोकॉक्सिब ही औषधं आहेत, पण आधी रक्त तपासून घ्या, किडनी आणि लिव्हर दोन्ही, सुरू केल्यावर काही आठवड्यांनी परत. जेवणानंतरच द्यायची, आणि स्टेरॉइड चालू असेल तर यातलं काहीच द्यायचं नाही. शी काळी झाली, उलटी झाली, जेवण सोडलं तर गोळी तिथेच बंद करून डॉक्टरांना फोन. डोस इथे विचारू नका, तिला बघितल्याशिवाय मी सांगणार नाही.

रक्त काढताय तर गोचीड तापाची पण टेस्ट करा. आपल्याकडे गोचीड इतके की संधिवात समजून महिनोन्महिने गोळ्या चालतात आणि निघतो गोचीड ताप, त्यातही सांधे सुजतात. कॅल्शियमने संधिवात उतरत नाही. फिश ऑइलचा उपयोग होतो, मात्र कॉड लिव्हर ऑइल नको, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व जास्त असतं.

पण माझ्या मते तुमचं खरं औषध वजन. ४८ लॅब्रॅडॉरांना पिल्लू असल्यापासून मरेपर्यंत पाहिलेला एक अभ्यास आहे, २००२ साली छापून आला. ज्यांना पाव हिस्सा कमी खायला दिलं ती जवळपास पावणेदोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचा संधिवातही उशिरा बळावला. ३८ किलो लॅब मादीला बहुतेक जास्तच आहे. बरगड्यांवरून हात फिरवा, न दाबता हाताला लागल्या पाहिजेत.

मोतीवाली_मावशी
फरशीचं आमच्याकडे असं केलं, जुन्या योगा मॅट कापून बेड ते पाणी ते दार अशी वाटच घातली, दोन दिवसात फरक. नखं वाढू देऊ नका आणि पंजाखालचे बोटांमधले केस कापा, त्यानेच जास्त घसरतात. जिन्यात पोटाखालून जुना टॉवेल घालून दोन्ही टोकं वर धरायची, मागचा भार आपल्या हातावर येतो. एकदम तासभर फिरवण्यापेक्षा दहा-दहा मिनिटं तीनदा. आणि थंडीत गोधडी जाड घाला गं, नुसत्या फरशीवर झोपू देऊ नका.

चिंगीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार, सात आठवड्यांनी लिहितीये. गोचीड ताप निघाला नाही, रक्त ठीक आलं, दुसऱ्या डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम सुरू केलं. वजनाचं म्हणाल तर मी एक दिवस नुसतं मोजलं, सासऱ्यांकडून चहासोबत चार बिस्किटं, मुलाकडून तूप लावलेली पोळी, माझ्याकडून दहीभात, आणि हे सगळं तिच्या दोन जेवणांच्या वर! आता फ्रिजवर कागद लावलाय, ज्याने दिलं त्याने लिहायचं, आणि बिस्किटाऐवजी काकडी. आज ३५.८ भरली. जिना अजून टॉवेलवरच आहे, उतरताना दुसऱ्या मजल्यावर थांबते, मीही तिच्यासोबत पायरीवर बसते. पण काल सकाळी दूधवाल्याची बेल वाजली आणि ही एका दमात उठून मॅटवरून दारापर्यंत गेली, मी ओट्यापाशीच रडले.

दादा, बंड्या आता कसा आहे?

बंड्याचा_बाबा
मजेत. आत्ता माझ्या पायावर डोकं ठेवून झोपलाय.