डिझेल मेकॅनिकचा ट्रेड सोडायचा का?

इलेक्ट्रिक गाड्या आल्या, म्हणून आपल्या पुतण्यानं आयटीआयचा डिझेल मेकॅनिक ट्रेड सोडावा का, असं एकानं इथं विचारलंय. मी म्हणेन, सोडू नये. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन ऑइल, क्लच, सायलेन्सर नसतो हे खरं. पण ब्रेक, सस्पेन्शन, व्हील बेअरिंग आहेतच. ट्रॅक्टर, जेसीबी, जनरेटरही अजून बहुतेक डिझेलवरच (आमच्याकडे वीज गेली की जनरेटरवाल्याचा भाव बघा!). मात्र मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट मोजायचं यंत्र) वापरायला, वायरिंगचा डायग्राम वाचायला त्याला आत्ताच लावा. बऱ्याच इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीत तीन-चारशे व्होल्ट डीसी असतो, तिथं 'बघून बघून शिकलो' चालत नाही. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन मिळतं. ही उमेदवारी इलेक्ट्रिक गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये करता आली तर उत्तमच. बाकी, त्याला स्वतःला हात काळे करायला आवडतात का, हे कुणी विचारलंय?