मदत हवी आहे: गोवा ते लक्षद्वीप शिडाच्या बोटीने, वाटेत नांगर कुठे टाकता येईल?

शिडवाला_मडगाव:
घाईत आहे, थेट विचारतो. 25 नोव्हेंबरला मुरगावहून लक्षद्वीपच्या कदमत बेटाला निघतोय, तिघं आहोत. चार्टवर 260 सागरी मैल येतात, पाच नॉट (तासाला पाच सागरी मैल) धरले तर 52 तास. वाटेत रात्री नांगर टाकून झोपायला उथळ जागा आहे का? 'जाऊ नका' वगैरे सल्ले नकोत, रजा मंजूर झालीय.

खाडीकाठ:
बोट केवढी? इंजिन कोणतं? नांगर विसरा. किनाऱ्यालगतचा उथळ पट्टा संपला की खाली हजार मीटरच्या पुढे पाणी. दोन रात्री पाळ्या लावून जागायच्या, दुसरा इलाज नाही.

बाबल्या_देवबाग:
परमिट काढलंस काय रे? थंय आपल्याकय परमिट लागता.

शिडवाला_मडगाव:
परमिटचं मित्र बघतोय. बोट 26 फुटी, इंजिन आहे. माझा प्रश्न नांगराचा होता.

निवृत्त_पण_निवांत:
कशाला जीव धोक्यात घालता? कोचीहून जहाज जातं, अगत्तीला विमान उतरतं. आम्ही उभयता जाऊन आलो. फक्त दारूबंदी आहे हे लक्षात ठेवा, बंगारम बेटाचा अपवाद सोडून.

शिडवाला_मडगाव:
काका, बोटीने जायचंय. तिकिटाचं कोण विचारतंय?

खाडीकाठ:
'इंजिन आहे' म्हणजे काय? आतलं डिझेल की मागे लटकवलेलं?

शिडवाला_मडगाव:
आउटबोर्ड, 8 हॉर्सपॉवर. पेट्रोल 25 लिटर.

खाडीकाठ:
हे पहिल्यांदा सांगायचं होतं. एवढ्या पेट्रोलवर जेमतेम चाळीस मैल. म्हणजे वारा पडला की तुम्ही लाटांवर डोलणारं नारळाचं करवंट. शिवाय 26 फुटी बोट सलग पाचने पळत नाही, चार धरा. चारने 65 तास. सकाळी दहाला निघालात तर तिसऱ्या रात्री तीन वाजता प्रवाळाच्या खडकासमोर. बेटं अशी सपाट की माड दिसेपर्यंत तुम्ही दाराशी पोचलेले असता. कदमतचं लगून (प्रवाळाच्या कड्याआतलं उथळ पाणी) पश्चिमेला, म्हणजे आत शिरताना तोंड पूर्वेला. सूर्य पाठीशी हवा, तर पाण्याचा रंग वाचता येतो: गडद निळं खोल, तपकिरी दिसलं की खडक. दुपारी एक ते तीन ही वेळ. उशीर झाला तर बाहेर खोल पाण्यातच रात्र काढायची, लगूनमधले दिवे बघून मोह धरायचा नाही.

ऋतुजा_सॅनहोजे:
अमेरिकेतून गार्मिनचं इनरीच (उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र) मागवा. आम्ही इथे त्याशिवाय किनारा सोडत नाही. कुठूनही मेसेज जातो.

नियमवाला:
असले सल्ले देऊ नका हो! भारतात परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा इनरीच बाळगणं गुन्हा आहे. गोव्याच्या विमानतळावर पर्यटकांना पकडलंय त्यावरून. नोंदणी केलेला 406 मेगाहर्ट्झचा इपर्ब (संकटात उपग्रहाला इशारा पाठवणारं यंत्र) घ्या, व्हीएचएफवर (बोटीच्या रेडिओवर) चॅनल 16 हा संकटाचा चॅनल लावून ठेवा. तटरक्षक दलाचा 1554 नंबर लिहून ठेवा, पण किनारा दिसेनासा झाला की मोबाइलचा उपयोग नाही.

ऋतुजा_सॅनहोजे:
जीव महत्त्वाचा की नियम?

नियमवाला:
कोठडीत बसून विचार करा मग.

रात्रपाळी:
भांडा तुम्ही. मी जाळ्यांचं सांगतो. कारवारसमोर रात्री दीडला आमची बोट अचानक थांबली. बॅटरी मारली तर पाण्यात तेलाचा रिकामा पिवळा डबा, तोच त्या जाळ्याचा बोया. दिवा नाही, काही नाही. दोर इंजिनाच्या पंख्याभोवती घट्ट पिळून बसला होता. कमरेला दोरी बांधून उतरलो आणि पाव कापायच्या दातेरी सुरीने अर्धा तास कापत बसलो, वर बोट लाटेवर चढून डोक्यावर आदळायची. तर सुरी दातेरीच घ्या. पहिले तीस-चाळीस मैल तिघांपैकी कुणीही झोपू नका.

बाबल्या_देवबाग:
जातलंस खरो, पण येतलंस कसो? हिवाळ्यात उत्तरेचो वारो. जाताना पाठीर, येताना नाकार.

शिडवाला_मडगाव:
येताना तोच मार्ग उलटा... त्याचा विचार केला नव्हता. 5 डिसेंबरला ऑफिस आहे.

खाडीकाठ:
वाटलंच. बाबल्याने नेमकं पकडलं. सरळ गोव्याकडे तोंड केलंत तर चार दिवस वाऱ्याशी झुंजाल. कदमतहून मंगळूर गाठा, दीडशे-एकशेसाठ मैल. वायव्येचा वारा आडवा मिळतो, बोट मजेत पळते. मग किनाऱ्याने वर: रात्री आणि पहाटे मतलई (जमिनीकडून येणारा वारा), दुपारी समुद्रावरून खारा वारा. हिवाळ्यात किनाऱ्याचा प्रवाहही उत्तरेला वाहतो, तो फुकटची मदत.

नियमवाला:
प्रवाह उत्तरेला, वारा उत्तरेकडून, म्हणजे लाटा आखूड आणि उभ्या. ते कोण सांगणार?

खाडीकाठ:
म्हणूनच म्हटलं किनाऱ्याला धरून, रात्री.

इतिहासप्रेमी:
दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये गोव्यातच बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. आपण 260 मैलांना घाबरतो!

खाडीकाठ:
म्हादेई 56 फुटी होती, आणि ते नौदलातले अधिकारी.

माडाचं_बन:
तारीख बदला. 2017 मध्ये ओखी चक्रीवादळ डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत लक्षद्वीपवरूनच गेलं. ठरलेल्या रजेसाठी हवामान थांबत नाही. जानेवारी अखेर ते मार्च बरा. पाणी माणशी चार लिटर रोज, आणि परतीचंही घ्या, बेटांवर ओढे-नद्या नाहीत.

नियमवाला:
आणि तिघं म्हणजे कोण? सगळे भारतीय पासपोर्टवाले ना?

शिडवाला_मडगाव:
एक मित्र अमेरिकेहून येतोय, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयाचं कार्ड) आहे. तोच परमिटचं बघतोय. चालतं ना ओसीआय?

नियमवाला:
नाही चालत! लक्षद्वीप हे निर्बंधित क्षेत्र. ओसीआय असला तरी वेगळी परवानगी लागते. हे चर्चेच्या तिसऱ्या दिवशी सांगताय?

शिडवाला_मडगाव:
मला वाटलं, चालतंच. बरं, फेब्रुवारी धरतो, जाताना कदमत, येताना मंगळूर. पेट्रोल किती वाढवू? अजून एक, आमच्या बोटीवर आत शिरायला डिंगी (छोटी होडी) नाही. चालेल?

रात्रपाळी:
डिंगी नाही??

निवृत्त_पण_निवांत:
बंगारमला रिसॉर्ट छान आहे हो.