वॉटसन हॉटेल पाडायलाच हवं का?
वर कोणीतरी म्हटलंय की मुंबईतल्या काळा घोड्याचं वॉटसन हॉटेल, म्हणजे आत्ताचं एस्प्लनेड मॅन्शन, खुशाल पाडा, इंग्रजांचं ते, आपल्याला काय त्याचं. अहो पण ७ जुलै १८९६ ला फ्रान्सच्या लुमिएर बंधूंचे, म्हणजे सिनेमाच्या आद्य जनकांचे, सिनेमे देशात पहिल्यांदा दाखवले ते इथेच की! आणि अख्खा सांगाडा बिडाचा, इंग्लंडात ओतून सुटे भाग जहाजाने आणून इथे जोडलेले, त्यामुळे साध्या चाळीचा हिशोब इथे चालत नाही. २०१९ मध्ये आयआयटी मुंबईच्या रिपोर्टने पाडा म्हटलं, जुन्या वारसा वास्तू जपणारे म्हणाले दुरुस्ती होते, मग प्रकरण कोर्टात. २००५ ला थोडा भाग कोसळून माणूस गेला, हे मान्य, धोकादायक म्हणून पुढे बिल्डिंग रिकामी केली ते बरंच झालं, पण भाडे कायद्याने गोठलेल्या जुन्या फुटकळ भाड्यात इतकी वर्षं डागडुजी करणार तरी कोण होतं? त्याचा राग बिल्डिंगवर कशाला काढताय?