'जनरल एज्युकेशन'ला मराठीत काय म्हणावे?

करवीरकर: एका अमेरिकी विद्यापीठाची प्रश्नावली मराठीत करतोय. शाखा कोणतीही असो, लेखन, गणित, विज्ञान, इतिहास यांतले काही विषय तिथे सगळ्यांनाच करावे लागतात. त्यावर शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांची मतं विचारली आहेत. मी 'सामान्य शिक्षण' लिहून इथल्या काही मुलांकडून भरून घेतली. 'सामान्य शिक्षणाबद्दल तुमचे मत' यापुढे एकीने लिहिलं, 'सामान्यच आहे, चांगलं पाहिजे.' तिची चूक नाही, खाली पर्यायच होते: उत्तम, चांगले, सामान्य, वाईट. 'फॅकल्टी'ला 'विद्याशाखा' लिहिलं होतं, ते एका सरांनी खोडून 'प्राध्यापक' केलं. 'जनरल'चं काय करू?

शब्दवेडा: 'सामान्य' सोडू नका. मूळ 'समान'. वैशेषिक दर्शनात सामान्य आणि विशेष हे दोन वेगळे पदार्थ, म्हणजे तत्त्वांचे प्रकार, आहेत. अनेकांत जे एकच असतं ते सामान्य. बी. ए.ला जनरल आणि स्पेशल म्हणतो ते हेच. पर्यायात 'सामान्य'ऐवजी 'बरे' लिहा, काम झालं.

राजारामपुरी: दर्शनातला अर्थ वर्गात पोचत नाही हो. सामान्य माणूस, सामान्य रुग्णालय, हेच पोरांच्या कानावर. वीस वर्षं शिकवतेय. मुलं म्हणतात, 'त्यो जादाचा पेपर हाय, मॅडम.' पर्यावरणाचा पेपर सगळ्या शाखांना सक्तीचा, त्यात कॉमर्सच्या एका मुलाने रंकाळ्यातल्या जलपर्णीवर प्रकल्प केला. मार्क मिळाले, विषय संपला, तरी तो वर्षभर फोटो काढून आणून दाखवायचा. 'सर्वांगीण शिक्षण' म्हणा, त्यात हे येतं.

शब्दवेडा: 'सर्वांगीण' ही स्तुती झाली. मत विचारायच्या आधीच उत्तर सुचवल्यासारखं होईल.

भुदरगड: मग 'जनरल'च ठेवा की. 1948-49च्या राधाकृष्णन आयोगानेही जनरल एज्युकेशनची शिफारस केली होती, म्हणजे शब्द इथे नवा नाही. वर मॅडमनी 'सक्तीचा' लिहिलं, तो फारसी. शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा शब्द कुठला म्हणून कुणी अडलं नाही.

शब्दवेडा: याच कोल्हापुरात राजाराम कॉलेजात माधव जूलियन प्राध्यापक होते. फारसी-मराठी कोश करणारा माणूस पुढे भाषाशुद्धीचा कैवारी झाला. परभाषा येणाऱ्यालाच स्वतःच्या शब्दाची किंमत कळते.

पन्हाळा रोड: 'सामाईक' घ्या. सामाईक भिंत, सामाईक विहीर. सगळ्यांचा हक्क, पाळीने पाणी. खेड्यातून येणाऱ्या पोराला समजावून सांगावं लागणार नाही.

राजारामपुरी: शब्द आवडला, पण सामाईक विहिरीचा गाळ कोण काढतं? आमचं दुखणं तेच आहे. सगळ्यांचा विषय म्हणून तो कुठल्याच विभागाचा नसतो. मी पूर्वी एका कॉलेजात होते, तिथे हा तास सगळ्यात नव्या, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाच्या गळ्यात पडायचा, तोही शेवटचा. मुलं निम्मी बसस्टँडवर.

करवीरकर: हे प्रश्नावलीतच घालतो. पण 'सामाईक' की 'समाईक'?

शब्दवेडा: शुद्ध रूप 'सामायिक'.

जयसिंगपूर: नाही. सामायिक वेगळं, ती आम्हा जैनांची ध्यानाची बैठक. आमची आजी रोज पहाटे सामायिकाला बसायची, 48 मिनिटं, दोन घटका. त्या वेळात घरात कुणी भांडंही वाजवत नसे. तो शब्द समभावाचा आहे, विहिरीच्या वाटणीत ओढू नका.

पन्हाळा रोड: आमच्या सातबाऱ्यावर 'सामाईक' आहे. आजोबांच्या वेळच्या उताऱ्यावरही तेच. फोटो टाकतो.