दूध-दही बंद करू नका
मुतखड्याच्या या चर्चेत वर दोघातिघांनी 'खडा कॅल्शियमचा आहे, तर दूध-दही बंद करा' असं लिहिलंय. पहिल्या खड्यानंतर मीही वर्षभर तेच केलं आणि नेमकं उलटं केलं. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला (पालकासारख्या पदार्थांतलं, लघवीत कॅल्शियमशी मिळून खडा करणारं द्रव्य) बांधून शौचावाटे बाहेर काढतं. ते कमी पडलं की ऑक्झलेट रक्तात शोषलं जाऊन लघवीत उतरतं. म्हणून पालक खायचाच असेल तर सोबत वाटीभर दही घ्या. हात आखडायचा तो मिठावर. मीठ वाढलं की लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं.

बाकी खरं औषध पाणीच. पण किती प्यायलो यापेक्षा लघवी किती झाली ते बघा, दिवसाला अडीच लिटर तरी हवी. मी एकदा चक्क मापाच्या भांड्यात मोजली (हसू नका), जेमतेम सव्वा लिटर भरली! लिंबूपाण्यातून खडा बनू न देणारं सायट्रेट मिळतं, साखर तेवढी टाळा. मात्र झालेला कॅल्शियमचा खडा लिंबाने विरघळत नाही. ५ मिमीच्या आतले खडे बहुतेकदा आपसूक पडतात आणि श्रेय काढ्याला जातं. दुखण्यासोबत थंडी-ताप आला तर काढे उकळत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा.