आवडत्या पुस्तकाच्या गावी जायचे, तर लेखकाचे घर पाहावे की कथेतली जागा?

समासरेषा

नमस्कार. गेल्या वर्षी माझ्या अत्यंत आवडत्या कादंबरीकाराचे घर मी पाहून आले. त्या घराचे आता संग्रहालय झाले आहे. ज्या कादंबरीची मी पारायणे केली, ती जिथे लिहिली गेली त्याच खोलीत मी उभी होते. काचेच्या कपाटात चष्मा, टाक आणि हातातली काठी नीट मांडून ठेवलेली होती, आणि तरीही पुस्तकातला एकही प्रसंग मनात जागा झाला नाही. मार्गदर्शकाने पंधरा मिनिटांत सहा खोल्या दाखवल्या आणि कानांवर पडली ती जन्ममृत्यूची सालेच. परतताना मी इतकी खट्टू झाले होते की ते पुस्तक पुढे कित्येक महिने हाती घ्यावेसे वाटले नाही.

पुढील वर्षी अशी एक मोठी यात्रा करणे मला शक्य होणार आहे, पण एकच. म्हणून ज्यांनी अशा जागा पाहिल्या आहेत, त्यांना विचारते. लेखक जिथे राहिला ते घर निवडावे, की कथा जिथे घडते तो प्रदेश? पुस्तक जाण्यापूर्वी पुन्हा वाचावे की परतल्यावर? आणि मनातले चित्र प्रत्यक्ष जागा पाहिल्यावर पुसले जाते का? या शेवटच्या प्रश्नाची मला खरोखर धास्ती वाटते.

जुनी वही

लेखकाच्या वस्तू पाहायला गेले की बहुधा तुमच्यासारखीच निराशा पदरी येते, कारण चष्मे आणि टाक सगळ्यांचे सारखेच असतात. मी मापे पाहायला जातो. खोली केवढी होती, खिडकीतून काय दिसत होते, घरापासून माळापर्यंत चालायला किती वेळ लागत होता, हे पुस्तकात कुठेही लिहिलेले नसते आणि पुस्तक मात्र त्यातूनच आलेले असते.

इंग्लंडमध्ये यॉर्कशरमधील हॉवर्थ या गावी ब्राँटे भगिनींचे, म्हणजे शार्लट, एमिली आणि ॲन या तिघी कादंबरीकार बहिणींचे घर आहे. त्यांचे वडील १८२० मध्ये तेथील चर्चचे धर्मगुरू म्हणून आले, आणि १९२८ पासून ते घर संग्रहालय म्हणून खुले आहे. जेवणाच्या खोलीत एक टेबल आहे. त्यावर शाईचे डाग आहेत, मेणबत्तीने पोळल्याची खूण आहे आणि एके ठिकाणी इंग्रजी ‘ई’ हे अक्षर बारीक कोरलेले आहे. संध्याकाळची कामे आटोपली की तिघी बहिणी या टेबलाभोवती फेऱ्या घालत, लिहिलेले एकमेकींना वाचून दाखवत आणि कथानकांची चर्चा करत. १८४८ च्या सप्टेंबरमध्ये भाऊ गेला, डिसेंबरमध्ये एमिली आणि पुढच्या मे महिन्यात ॲन. त्यानंतर शार्लट रात्री त्याच खोलीत एकटीच फेऱ्या घालत असे. हे सारे मी चरित्रात आधी वाचलेले होते, पण टेबल आणि खिडकी यांमधले अंतर नजरेने मोजत उभा राहिलो तेव्हा त्या आठ महिन्यांत काय घडले, ते मला पहिल्यांदा कळले.

घराच्या पुढच्या अंगाला बाग आहे आणि बागेला लागूनच दफनभूमी आहे. गावच्या आरोग्याविषयी १८५० मध्ये जो सरकारी अहवाल तयार झाला, त्यात तेथील मृत्यूचे सरासरी वय सुमारे २५ वर्षे दिले आहे. एमिलीच्या ‘वुदरिंग हाइट्स’ या कादंबरीतले इतके अकाली मृत्यू मला पूर्वी अतिरंजित वाटत असत, ते वाटणे त्या खिडकीपाशी संपले. त्यामुळे माझे मत असे, की घर आणि प्रदेश चालत गाठण्याच्या अंतरावर असतील तीच यात्रा निवडावी. हॉवर्थहून टॉप विदन्स या पडक्या शेतघरापर्यंत माळरानातून साधारण सहा किलोमीटरची पायवाट जाते. ती वाट चुकवू नये.

पायवाट

टॉप विदन्सचा उल्लेख झाला म्हणून एक गोष्ट जोडते, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथल्या भिंतीवरच लावलेले आहे. कादंबरीतले घर ते हेच, असे लोक धरून चालतात. परंतु ब्राँटे सोसायटीने १९६४ मध्ये तिथे एक पाटी लावली. हे शेतघर धडधाकट उभे असतानाही एमिलीने वर्णिलेल्या घरासारखे दिसत नव्हते. तिच्या डोळ्यांपुढे असली तर फार तर ही जागा असेल, अशा अर्थाचा मजकूर पाटीवर आहे. ती पाटी वाचून आधी मी हिरमुसले आणि मग मला फार हलके वाटले. माझ्या मनातल्या घराला कोणीच हात लावला नव्हता. त्याला फक्त वारा आणि उतार मिळाला होता.

चित्र पुसले जाण्याची भीती मला हुबेहूब उभारलेल्या जागांमध्ये अधिक वाटते. गुप्तहेर शेरलॉक होम्सचे कथेतले घर लंडनच्या बेकर स्ट्रीटवर २२१ बी या क्रमांकाचे आहे, पण त्या कथा प्रथम प्रसिद्ध होत होत्या तेव्हा त्या रस्त्यावरच्या घरांचे क्रमांक २२१ पर्यंत पोहोचतच नव्हते. आज तिथे असलेले संग्रहालय १९९० मध्ये सुरू झाले. खोल्या मोठ्या निगुतीने सजवलेल्या आहेत, पण सजवणाऱ्याच्या मनातले चित्र आपल्या चित्रावर येऊन बसते. ज्यांना तसे चालते त्यांनी जरूर जावे. तुमच्या प्रश्नाचा सूर पाहता तुम्हांला ते रुचेल असे वाटत नाही.

शाईपेटी

मला दोघांपेक्षा थोडे वेगळे म्हणायचे आहे. तुम्ही रिकाम्या जागा शोधाव्यात.

इंग्रज कवी कीट्स रोममध्ये स्पॅनिश पायऱ्यांना लागून असलेल्या घरात २३ फेब्रुवारी १८२१ रोजी क्षयाने वारला, तेव्हा तो २५ वर्षांचा होता. त्या काळच्या नियमांनुसार संसर्गाच्या भीतीने त्याच्या खोलीतले सामान जाळून टाकण्यात आले. त्यामुळे आज तिथे दिसणारा पलंग त्याचा नाही. त्याचे असे उरले आहे ते छत, आणि त्यावरची नक्षीदार फुले. मी बराच वेळ मान वर करून त्या फुलांकडे पाहत राहिलो. उठवत नसलेल्या माणसाने दिवसचे दिवस हेच पाहिले असणार, हे लक्षात आल्यावर त्या खोलीत दुसरी एकही वस्तू नसती तरी चालले असते. त्याची कबरही त्याच शहरात आहे, आणि त्याच्याच इच्छेमुळे तिच्यावर त्याचे नाव नाही.

टॉलस्टॉयच्या यास्नाया पोल्यानाचेही तसेच. मॉस्कोच्या दक्षिणेला सुमारे २०० किलोमीटरवर ही जहागीर आहे. ज्या मोठ्या घरात तो जन्मला ते त्याच्या हयातीतच विकले गेले आणि तिथून हलवले गेले. राहते घर पुस्तकांनी भरलेले आहे, तेही पाहावे. पण खरे पाहायचे ते झाडीतले त्याचे थडगे. एका घळीच्या काठावर गवताने झाकलेला लांबट उंचवटा आहे. क्रूस नाही, दगड नाही, नाव नाही. सगळी माणसे सुखी कशी होतील याचे रहस्य एका हिरव्या काडीवर लिहून ती काडी इथे पुरली आहे, असे थोरल्या भावाने त्याला लहानपणी सांगितले होते. म्हणून १९१० मध्ये तो गेल्यावर त्याला तिथेच पुरण्यात आले. ‘वॉर अँड पीस’एवढी मोठी कादंबरी लिहिणारा माणूस अखेरीस भावंडांच्या खेळातल्या जागेपाशी परत आला, हे तिथे उभे राहून जसे जाणवते तसे कोणत्याही दालनात जाणवत नाही.

दुमडलेले पान

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. लेखकांची घरे लहान असतात. बऱ्याच ठिकाणी वेळ ठरवून तिकीट काढावे लागते आणि थंडीत काही घरे कित्येक आठवडे बंद असतात, म्हणून तारखा आधी पाहाव्यात आणि प्रवासाचे आरक्षण नंतर करावे. शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्यावी. गर्दी वाढली की खोलीत थांबता येत नाही, आणि गेल्या वेळी तुम्हांला नेमके थांबायलाच मिळाले नाही असे दिसते.

पुस्तकाविषयी म्हणाल तर, मी जाण्यापूर्वी पूर्ण वाचत नाही. ताज्या वाचनाने आपण तपासनीस होतो. हे जुळले, ते जुळले नाही, एवढेच पाहत राहतो. दोन प्रकरणे निवडून सोबत न्यावीत आणि त्या जागी बसून सावकाश वाचावीत. संपूर्ण पुस्तक परतल्यावर वाचावे.

समासरेषा

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मी हॉवर्थ निश्चित केले आहे. यास्नाया पोल्यानातील त्या उंचवट्याने दोन दिवस माझी झोप उडवली हे खरे. पण एमिलीचे पुस्तक मी सोळाव्या वर्षी वाचले आणि तेव्हापासून तो वारा ऐकत आले आहे. तीन रात्री त्याच गावी राहीन, घर दोनदा पाहीन आणि मधला दिवस माळरानासाठी ठेवीन. ती पायवाट कोणत्या महिन्यात चालावी, एवढेच आता विचारायचे राहिले आहे.

जुनी वही

ऑगस्टमध्ये जावे, तेव्हा हेदर हे माळावरचे झुडूप फुलते आणि सगळा माळ जांभळा होतो. मात्र हवा तासातासाला पालटते, म्हणून पाण्याने न भिजणारे बूट आणि वाऱ्याला दाद न देणारा कोट आठवणीने न्यावा. निवडलेली दोन प्रकरणे पातळ पुस्तिकेत उतरवून घ्यावीत, कारण टॉप विदन्सच्या भिंतीआड बसले तरी तिथे जाड पुस्तकाची पाने एका हाताने धरून ठेवता येत नाहीत.