सल्फा चालत नसेल तर पायाच्या मायसेटोमावर कोणते प्रतिजैविक?

शेतकरीपुत्र
माझ्या वडिलांनी, वय 58, आयुष्यभर अनवाणी शेती केली. तीन वर्षांपूर्वी उजव्या तळपायात बाभळीचा काटा मोडला, त्या जागी न दुखणारी गाठ आली आणि आता सुजलेल्या पावलावरच्या पाच-सहा छिद्रांतून पू आणि पांढरट रवे येतात. डॉक्टर याला मायसेटोमा, म्हणजे त्वचेखाली हळूहळू पसरणारा जुनाट संसर्ग, म्हणतात. कल्चरमध्ये (पुवातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) नोकार्डिया हा जिवाणू सापडला. कोट्रायमॉक्सॅझोल हे सल्फा गटातले औषध सुरू केल्यावर दहाव्या दिवशी अंगभर पुरळ उठल्याने ते बंद करावे लागले. आता डॉक्टर अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड सुचवतात. घसा धरला तरी मिळणारी ही गोळी एवढ्या जुन्या दुखण्याला पुरेल का?

त्वचारोगतज्ज्ञ
गोळी ओळखीची आहे म्हणून ती दुबळी समजू नये. नोकार्डिया ब्राझिलिएन्सिस या जातीवर ती सहसा चांगली लागू पडते, पण नोकार्डियाच्या काही जाती तिला दाद देत नाहीत. म्हणून अहवालात जात आणि औषधसंवेदनशीलता नोंदलेली आहे का, हे आधी पाहावे. हाडाला लागण झाली असल्यास एकट्या गोळीवर विसंबू नये. अशा वेळी अ‍ॅमिकासिन हे प्रतिजैविक वापरता येते; या रोगात त्याचा वापर वेल्श यांच्या मेक्सिकोतील गटाने 1987 मध्ये मांडला. त्याची इंजेक्शने वजनाच्या दर किलोमागे रोज 15 मिलिग्रॅम याप्रमाणे तीन आठवड्यांच्या फेऱ्यांत देतात. त्याने कान आणि मूत्रपिंड यांना इजा होऊ शकते, म्हणून प्रत्येक फेरीपूर्वी श्रवणचाचणी आणि क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाची रक्तचाचणी अवश्य करावी. लिनेझोलिड हे प्रतिजैविक हाही पर्याय आहे, परंतु ते लांबल्यास रक्तपेशी घटतात आणि नसांवर परिणाम होतो. पुरळासोबत ताप, तोंडात फोड किंवा डोळ्यांची आग होती का? असल्यास सल्फा पुन्हा कधीही देऊ नये, आणि तसे प्रत्येक डॉक्टरांना सांगावे.

एक वाचक
माझ्या काकांना हाच रोग होता. मुंबईत काम करणाऱ्या हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी एकोणिसाव्या शतकात दिलेल्या ‘मायसेटोमा’ या नावाचा अर्थच बुरशीची गाठ असा आहे, आणि काकांनाही बायोप्सीआधीच अनेक महिने बुरशीची औषधे दिली गेली. रवे काळे असतील तर रोग बुरशीचा असतो आणि तेथे प्रतिजैविकांचा उपयोग नाही, हे आम्हाला फार उशिरा कळले. पुढे योग्य औषधाने छिद्रे मिटली, तेव्हा आम्हीच गोळ्या थांबवल्या आणि चार महिन्यांत पू परतला.

शेतकरीपुत्र
ताप आणि तोंडात फोड दोन्ही होते. ते मी डॉक्टरांना सांगितलेच नव्हते. सोमवारी सांगतो आणि जातीचा अहवालही मागतो.